पडद्यावरील चंद्र आणि खाडीवरील चंद्र

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-संमेलनातील भाषण)



नवी मुंबई हे नाव उच्चारताच उंच इमारती आणि रुंद रस्ते डोळ्यांपुढे येतात. परंतु १९७० साली सिडकोची स्थापना होऊन ह्या नगरीची आखणी झाली ती ठाणे, पनवेल आणि उरण ह्या तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर, त्यांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर, हे येथील शिक्षकवर्गास सांगावयास नको. ह्या परिसरातील खेड्यापाड्यांच्या शाळा आज जुन्या गावाच्या आणि नव्या नगराच्या सीमेवर उभ्या आहेत. शाळेत येणाऱ्या मुलाचे आजोबा खाडीवर जाळे टाकीत असत; त्याचा मोठा भाऊ बंदरात नाहीतर गोदामात कामास जातो. २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू त्याने पाहिलेला असतो, आणि २०२५ च्या डिसेंबरपासून नव्या विमानतळावरून उडणारी विमाने त्याच्या शाळेच्या अंगणातूनही दिसतात. इतकी यंत्रे ज्याच्या सभोवती आहेत, त्या मुलास बल म्हणजे काय, गती म्हणजे काय, हे सहज उमगत असेल असा कोणाचा समज होईल. प्रत्यक्षात तो व्याख्या बिनचूक म्हणून दाखवितो. आणि वर फेकलेला चेंडू परत खाली का येतो असे विचारले, तर 'त्याच्यातला जोर संपला म्हणून' असे उत्तर देतो. व्याख्या वहीत राहिली, आणि जोर संपण्याची कल्पना मनात राहिली. ह्या दोहोंची गाठ कधी पडलीच नाही.

ही गाठ घालून देण्यासाठी अलीकडे संगणकावरील दृश्यप्रतिकृती उपयोगात आणाव्यात असे सुचविले जाते. दृश्यप्रतिकृती म्हणजे केवळ चलचित्र नव्हे. चलचित्र एकाच तऱ्हेने धावते. दृश्यप्रतिकृतीत पाहणाऱ्यास बदल करता येतो. विजेच्या मंडलात एक दिवा वाढविला, गाडीखालचे घर्षण कमी केले, चंद्राची तिथी पुढे ढकलली, की पुढील दृश्य त्या-त्या बदलाप्रमाणे पालटते. इंग्रजीत हिला सिम्युलेशन म्हणतात आणि शिक्षकांत तोच शब्द रूढ होत आहे. त्यास हरकत घेण्याचे कारण नाही.

यंत्राची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. लोकसहभागातून, ग्रामपंचायतीकडून अथवा एखाद्या कारखान्याच्या देणगीतून शाळेत टीव्ही, प्रोजेक्टर किंवा दोन-चार टॅब येतात. नारळ फुटतो, छायाचित्र निघते. पुढे पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला त्यावर गाणी लागतात, आणि एरवी त्यावर धुळीसाठी घातलेले कापड निघत नाही. ह्यात शिक्षकाचा फारसा दोष आहे असे म्हणता येणार नाही. दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळावयाचे, पोषण आहाराची नोंद ठेवावयाची, माहिती भरून पाठवावयाची, निवडणुकीचे कामही पाहावयाचे. त्यात यंत्र कसे लावावे हे एका दिवसात सांगितले जाते, आणि ते लावून काय शिकवावे हे कोणीच सांगत नाही. सांगावयाचे आहे ते हेच दुसरे.

प्रथम 'मुक्त सॉफ्टवेअर' म्हणजे काय हे पाहणे इष्ट होईल. इंग्रजीत 'फ्री' ह्या एकाच शब्दाने फुकट आणि मुक्त असे दोन्ही अर्थ व्यक्त होत असल्यामुळे त्या भाषेत ह्यावर बराच खल झालेला आहे; मराठीस ही अडचण नाही. पनवेल-उरणच्या शेतकऱ्यास हा भेद एका वाक्यात कळेल. दुकानातून पिशवी फुकट मिळाली, पण त्यातील भात पुन्हा पेरता येत नसेल, तर ते बियाणे फुकट खरे, पण मुक्त नव्हे. घरच्या वाणाचे बी पेरता येते, राखून ठेवता येते, शेजाऱ्यास पायलीभर देता येते, आणि त्यातून निवड करीत करीत आपल्या खाचरास मानवेल असे करूनही घेता येते. मुक्त सॉफ्टवेअर असे घरच्या बियाण्यासारखे असते. ते एका शाळेने घेऊन दुसऱ्या शाळेस दिले, तर चोरी होत नाही. जाणकारास ते उघडून आत काय लिहिले आहे ते पाहता येते, आणि त्यावरील शब्द मराठी करून घेता येतात.

ही शेवटची गोष्ट वाटते त्याहून महत्त्वाची आहे. वाशीच्या पुलापलीकडे, मानखुर्द येथे, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ह्या केंद्राची स्थापना १९७४ साली झाली, आणि त्याने आरंभीच्या वर्षांत जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत विज्ञानशिक्षणाचा प्रयोग केला. तेव्हापासून त्या केंद्राच्या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली, ती अशी की, मुलास विज्ञान अवघड जाते असे जे म्हटले जाते, त्यातील बराचसा भाग विज्ञानाचा नसून पुस्तकी भाषेचा असतो. पडद्यावर इंग्रजी अक्षरे असली, तर मुलाचे अर्धे लक्ष त्यांतच गुंतते. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन ह्यांनी २००२ साली सुरू केलेल्या 'फेट' ह्या प्रकल्पाच्या पुष्कळ दृश्यप्रतिकृती मराठीत उपलब्ध आहेत आणि त्यांना पैसे पडत नाहीत. एकदा उतरवून घेतल्या म्हणजे इंटरनेट नसतानाही त्या चालतात. शाळेत जाळे येत-जात असते, तेथे ही सोय लाखमोलाची होय.

अशा प्रयोगाचे उदाहरण ह्याच मुलुखात घडलेले आहे. पनवेलला लागून असलेल्या कर्जत तालुक्यातील खैराट ह्या लहानशा वस्तीच्या जिल्हा परिषद शाळेत २००७ साली 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' ह्या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. एकशिक्षकी शाळा, विसेक मुले, आणि प्रत्येकाच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचे, धूळपाण्यास पुरे पडेल असे छोटे यंत्र. मानखुर्दच्या केंद्रातील अभ्यासकांनीही ह्या प्रयोगाकडे लक्ष पुरविले. त्या यंत्रावर 'शुगर' नावाची मुक्त प्रणाली होती. ते यंत्र आता मागे पडले. परंतु प्रणाली मुक्त असल्यामुळे ती त्याच्यासोबत गेली नाही. २००८ पासून 'शुगर लॅब्ज' ही संस्था ती सांभाळीत आहे, आणि ती साध्या संगणकावरही चालते.

त्या प्रणालीतील दोन उपक्रम पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने फार मोलाचे आहेत. एकात मुलाने यंत्राजवळ 'आ' म्हटले की पडद्यावर आवाजाची लाट उमटते. बासरी वाजविली तर ती नीटस येते, ताशा वाजविला तर विस्कटलेली येते. स्वर चढविला की लाटा जवळजवळ येतात, आणि आवाज मोठा केला की त्या उंच होतात. मोठा आवाज आणि चढा आवाज ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पानभर लिहूनही जे पटत नाही, ते येथे मुलाच्या स्वतःच्या गळ्यातून पटते. दुसऱ्या उपक्रमात दोन यंत्रे एकमेकांस आवाज देतात, आणि तो पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून मधले अंतर काढतात. आवाजास प्रवास करावा लागतो ही गोष्ट त्यातून डोळ्यांस दिसते.

आज हेच काम शिक्षकांच्या खिशातील दोन मोबाइल करू शकतात. जर्मनीतील आखेन विद्यापीठाने २०१६ साली प्रसृत केलेले 'फायफॉक्स' हे मुक्त ॲप ह्यासाठी उपयोगी आहे. त्यात आवाजाने सुरू होणारे आणि आवाजाने थांबणारे घड्याळ आहे. दोन मोबाइल एकमेकांपासून ५ मीटरांवर ठेवावेत. पहिल्याजवळील मुलाने टाळी वाजविली की दोन्ही घड्याळे सुरू होतात. पण दूरचे किंचित उशिरा. मग दुसऱ्याजवळील मुलाने टाळी वाजविली की दोन्ही थांबतात. आता पहिले उशिरा. दोन घड्याळांतील फरक म्हणजे आवाजास ५ मीटर जाऊन ५ मीटर परत येण्यास लागणारा वेळ. आपल्याकडील हवेत तो सेकंदाच्या सुमारे २९ सहस्रांशांइतका भरतो. सातवीच्या मुलांस भागाकार करून आवाजाचा वेग काढता येईल. तो सेकंदास ३४५ मीटरांच्या आसपास आला तर प्रयोग साधला. आसपास न आला तर अधिकच चांगले, कारण मग वाऱ्याचा, वर्गातील गोंगाटाचा आणि टेपने मोजलेल्या अंतराचा शोध घ्यावा लागतो, आणि तो शोध हेच खरे विज्ञान.

येथवर यंत्राची स्तुती झाली. आता त्याच्या धोक्याकडे वळावयास हवे. कारण यंत्र न वापरल्याने जितके नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान ते भाबडेपणाने वापरल्याने होण्याचा संभव आहे.

एक उदाहरण घ्यावे. शुगर प्रणालीत चौकोन, वर्तुळे काढून ती खाली पाडण्याचा एक उपक्रम आहे. मुलाने एक मोठे आणि एक लहान वर्तुळ एकाच उंचीवरून सोडले, की दोन्ही एकदमच तळाशी पोहोचतात. शिक्षक म्हणतो, 'पाहा, जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेळात पडते.' वर्ग मान डोलावतो. परंतु ह्यात सिद्ध काय झाले? ज्याने तो कार्यक्रम लिहिला त्याने तशी आज्ञा दिली होती, इतकेच. त्याने उलटी आज्ञा दिली असती, तर मोठे वर्तुळ आधी पडले असते आणि वर्गाने तेव्हाही मान डोलावली असती. पडदा हा साक्षीदार नव्हे. तो कोणाचे तरी म्हणणे सुंदर अक्षरांत लिहून दाखविणारा लेखनिक आहे. पुरावा हवा असेल तर एक नाणे आणि कागदाचा तेवढाच तुकडा घेऊन बाकावर चढावे. दोन्ही वेगवेगळी सोडली तर नाणे आधी पडते, कागद तरंगत येतो. मुले ओरडतात, 'पडदा खोटा!' मग तोच कागद नाण्याच्या पाठीवर ठेवून नाणे आडवे सोडावे. दोन्ही एकत्र पडतात. कागदास थोपविणारी हवा होती. ती नाण्याने बाजूस सारली. ह्यानंतर पडद्यावरील ती दोन वर्तुळे पुन्हा दाखवावीत आणि विचारावे, 'ह्या चित्रातून काय गाळलेले आहे?' हवा गाळली आहे हे उत्तर मुलाच्याच तोंडून आले, तर त्या दिवशीचा पाठ झाला.

'ह्यातून काय गाळले आहे?' हा प्रश्न प्रत्येक दृश्यप्रतिकृतीस विचारण्याची सवय लावावी. कारण गाळणे हा तिचा दोष नसून तोच तिचा उपयोग आहे. घर्षण नसलेली जमीन जगात कोठे मिळत नाही. पडद्यावर ती क्षणात मिळते. सरकणारी वस्तू थांबते ती जोर संपला म्हणून नव्हे, तर जमीन तिला अडविते म्हणून, हे समजण्यासाठी जमिनीचे अडविणे काढून टाकल्यास काय होईल ते पाहता आले पाहिजे. तथापि पडद्याकडे जाण्यापूर्वी कॅरमचा पट काढावा. पावडरीवाचून सोंगटी किती जाते, पावडर टाकल्यावर किती जाते, हे मुलांनी बोटांनी मोजावे. मग म्हणावे, 'पावडर याहून चांगली असती तर? त्याहूनही चांगली असती तर?' कॅरमच्या पटावर हा प्रश्न जेथे अडतो, तेथून पुढे पडद्याने न्यावे.

विजेच्या पाठात पडद्याचे साहाय्य सर्वांत अधिक होते, कारण तारेच्या आत पाहण्यास डोळा पुरत नाही. एका सेलला एकामागोमाग दोन दिवे जोडले, तर पहिला दिवा वीज 'खातो' आणि दुसऱ्यास उरलेली मिळते, अशी बहुतेक मुलांची, आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळ मोठ्या माणसांचीही समजूत असते. 'फेट'च्या मंडलात तारेतून निळे ठिपके फिरताना दिसतात. पहिल्या दिव्याआधी जितके, तितकेच त्याच्या नंतर. कोलोरॅडो विद्यापीठात ह्याविषयी केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी खऱ्या तारा आणि दिवे हाताळले, काहींनी केवळ पडद्यावरील मंडले जोडली. पुढे दोघांनाही खरे मंडल जोडावयास सांगितले, तेव्हा पडद्यावर शिकलेले विद्यार्थी त्यातही सरस ठरले. ह्याचे नवल वाटेल. परंतु ते विद्यार्थी महाविद्यालयातील होते, आणि पडद्यावर न दिसणारा प्रवाह दिसत होता, हे लक्षात ठेवावे. चौथी-पाचवीच्या मुलाने सेल, बॅटरीचा दिवा आणि तार ह्यांचा स्पर्श प्रथम घ्यावा, तारेचे टोक सोलावे, दिवा न लागल्याची चिडचिड अनुभवावी, हेच इष्ट. घरातील विजेशी मात्र हे खेळ कदापि करू नयेत, हे दरवेळी बजावून सांगावे.

आणि निळ्या ठिपक्यांविषयीही एक वाक्य बोलावे. खऱ्या तारेत ते निळे नसतात, मोजता येतील इतके थोडे नसतात, आणि धावत तर मुळीच नसतात. बॅटरीच्या तारेत ते सेकंदास मिलिमीटरच्या लहानशा अंशाने सरकतात. दिवा लगेच लागतो तो सारी तार आधीच त्यांनी भरलेली असते म्हणून. पाण्याने भरलेल्या नळीच्या एका टोकास पाणी ढकलले, तर दुसऱ्या टोकाहून तत्काळ पाणी येते, त्यातला हा प्रकार.

वर्गात पडदा एकच आणि मुले चाळीस, ही तक्रार सार्वत्रिक आहे. ती खरी असली तरी एकच पडदा असण्यात एक लाभही आहे. तो थांबविणे शिक्षकाच्या हाती राहते. ह्या थांबविण्यातच सारे मर्म आहे. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्गात करून दाखविलेला प्रयोग ज्यांनी नुसता पाहिला, ते विद्यार्थी प्रयोग न पाहिलेल्यांहून फारसे पुढे गेले नाहीत. ज्यांना आधी 'आता काय होईल?' असे विचारून भाकीत नोंदवावयास लाविले होते, ते पुढे गेले. हार्वर्डमध्ये जे झाले ते गव्हाणच्या किंवा चिरनेरच्या शाळेत होईलच असे नाही. परंतु प्रयोग करून पाहण्यास खर्च येत नाही. बटण दाबण्यापूर्वी प्रत्येक मुलाने वहीत एक ओळ लिहावी आणि खाली सही करावी. सही केलेले भाकीत चुकले, तर मुलास ते विसरता येत नाही. हात वर करून दिलेल्या उत्तराचे तसे नसते. हुशार मुलाचा हात पाहून इतर हात वर जातात. चुकलेल्या भाकितास गुण कापू नयेत. गुण कापले की दुसऱ्याच दिवशी सारी भाकिते शेजाऱ्याची होतात.

आता चंद्राकडे येऊ. ह्या किनाऱ्यावरील शिक्षकास हा विषय इतर कोणत्याही जिल्ह्यातील शिक्षकाहून अधिक फळ देईल.

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, अशी चुकीची समजूत मुलांत घट्ट रुजलेली असते. ती मोडण्यासाठी शुक्ल अष्टमीचा दिवस निवडावा. पावसाळ्यात नव्हे, कार्तिकापासून पुढे आकाश मोकळे असते. दुपारी चारच्या सुमारास मुलांस अंगणात आणावे. सूर्य पश्चिमेकडे झुकलेला, आणि पूर्वेकडील बाजूस उंच आकाशात फिकट अर्धा चंद्र. दिवसा चंद्र दिसतो हेच कित्येक मुलांस नवे असते. मग एका मुलाच्या हाती पांढरा चेंडू, किंवा चुना लावलेला मातीचा गोळा द्यावा आणि उन्हातच तो चंद्राच्या दिशेने धरावयास सांगावे. चेंडूचा जितका आणि ज्या बाजूचा भाग उजळतो, तितकाच आणि त्याच बाजूचा चंद्र उजळलेला दिसतो. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेस पडते; ती त्या वेळी पूर्व क्षितिजाच्याही खाली असते. डोक्यावर येऊ घातलेल्या चंद्रावर ती पडणार कशी?

त्यानंतर 'स्टेलॅरियम' उघडावे. फाबियन शेरो ह्या फ्रेंच तरुणाने २००० सालाच्या सुमारास आरंभिलेला हा मुक्त आकाशदर्शक आज जगभर वापरात आहे. त्यास पनवेलचे स्थान द्यावे: उत्तर अक्षांश १९ अंश, पूर्व रेखांश ७३ अंशांहून किंचित अधिक. प्रथम त्यात आज दुपारी चारचे आकाश लावावे आणि मुलांनी नुकताच पाहिलेला चंद्र त्याच जागी आहे की नाही ते त्यांनाच तपासू द्यावे. विश्वास बसला की एकेक दिवस पुढे सरकवावे. ह्या प्रणालीत जमीन अदृश्यही करता येते. मग मावळलेला सूर्य पायाखाली कोठे गेला ते दिसते, आणि पौर्णिमेचा चंद्र त्याच्या बरोबर समोर का असतो ते कळते. एक महिना जागून जे पाहावयाचे, ते एका तासिकेत होते. आधी अंगण, मग पडदा. हा क्रम उलटा झाला तर मुलास वाटेल की आकाश पडद्याप्रमाणे चालते.

ह्या परिसरातील मुलास चंद्राची ओळख आकाशापेक्षा पाण्यातून अधिक असते. दिवाळे, सारसोळे, मोरा, करंजा येथील कोळ्यास आज भरती किती वाजता हे विचारावे. तो तिथी विचारील. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणकिनाऱ्याचा जुना हिशेब आहे. चतुर्थीस चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीस आठ पाऊणे सहा, म्हणजे सहा वाजता. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. आता पाचवीच्या मुलांकडून गणित करवून घ्यावे: तीस तिथींत चंद्राचे एक चक्र पुरे होते आणि भरतीची वेळ चोवीस तास फिरून मूळ जागी येते. चोवीस तासांची १४४० मिनिटे. त्यांस तीसने भागता ४८. ज्याच्या हाती घड्याळही नव्हते त्या माणसाच्या तोंडी हिशेबात आणि ह्या भागाकारात तिथीमागे अवघ्या ३ मिनिटांचे अंतर! हा भागाकार फळ्यावर सुटतो तेव्हा कोळ्याच्या मुलाची मान ताठ होते. आजोबांची विद्या शाळेत कधी फळ्यावर येईल असे त्यास वाटलेले नसते.

परंतु हाच मुलगा पुढे अडचणीचा प्रश्न विचारील. भरती-ओहोटीची जी दृश्यचित्रे संगणकावर मिळतात, त्यांत पृथ्वीभोवतीचे पाणी चंद्राकडे फुगलेले दाखवितात. 'चंद्र एका बाजूला, मग भरती दिवसातून दोनदा कशी?' येथे घाईने उत्तर देऊ नये. हा प्रश्न वर्गात एक दिवस राहू द्यावा. चंद्र जवळच्या पाण्यास अधिक ओढतो, पृथ्वीस त्याहून कमी, आणि पलीकडील पाण्यास सर्वांत कमी. म्हणून अलीकडचे पाणी पुढे येते आणि पलीकडचे मागे राहते. दोन्हीकडे फुगवटा, म्हणून दोन भरत्या. अमावास्येस आणि पौर्णिमेस सूर्यही त्याच रेषेत येतो, तेव्हा उधाण. अष्टमीस तो काटकोनात असतो, तेव्हा भांग. मोठ्या उधाणास मुंबईच्या बंदरात भरती आणि ओहोटी ह्यांतील फरक चार मीटरांवर जातो, आणि त्या दिवशी मिठागरांच्या बांधाकडे का धाव घ्यावी लागे, हे गावातील म्हातारी माणसे सांगतील.

ह्या चित्रातूनही काही गाळलेले आहेच. त्यात जमीन नाही, खाडी नाही, गाळ नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमेची भरती आणि डोक्यावरचा चंद्र ह्यांची वेळ बरीचशी जुळते, म्हणून चित्र खरे वाटते. खंबायतच्या आखातात भावनगरला हीच भरती काही तासांनी पोहोचते, आणि येथेही ठाण्याच्या खाडीत जसजसे आत जावे तसतसा थोडा उशीर होतो. तेव्हा पडदा एक वेळ सांगेल, पाऊणपटीचा हिशेब दुसरी, आणि गावच्या धक्क्यावरचे पाणी तिसरी. ही तीन उत्तरे एका रांगेत लिहून ठेवण्याचा उपक्रम कोणत्याही शाळेस करता येईल. वहीच्या पानावर तिथी, कोळ्याचा हिशेब, पडद्यावर चंद्र माथ्यावर येण्याची वेळ, आणि धक्क्यावर पाणी सर्वांत वर आल्याची वेळ असे चार रकाने आखावेत. शेवटचा रकाना घरच्या मोठ्या माणसांसोबत जाऊन भरावा, एकट्याने पाण्याजवळ जाऊ नये. शुद्ध प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा ओळी होतात. ज्या दिवशी कोणी धक्क्यावर गेले नाही, त्या दिवसाचे घर पडद्यावर पाहून भरू नये. ते कोरे ठेवावे.